सोन्याचं वासरू आणि शेजारचा मोदक

या महिन्याच्या टपालात मूर्तिपूजा आणि देवाचा न्याय या एकाच विषयावर चार पत्रं निघाली. श्रावण लागला की दरवर्षी निघतातच. पहिलं पत्र मोठं आहे, त्याचं उत्तरही मोठं झालं. बाकीच्या तिघांनी राग धरू नये.

प्रश्न : पाळकसाहेबांना सलाम. आम्ही परळला चाळीत राहतो, तिसरा मजला. शेजारच्या वहिनींकडे दीड दिवसाचा गणपती असतो. चाळीस वर्षांचा शेजार आहे. त्यांचे मोदक आमच्याकडे येतात, नाताळात आमच्या करंज्या आणि केक त्यांच्याकडे जातो. जूनमध्ये भावोजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेला येणारे एक बंधू म्हणाले, बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा विसावा अध्याय वाचा, हा मूर्तिपूजेचा न्याय आहे. मला ते ऐकवेना. मग ते माझ्यावरच घसरले. माझे वडील लहान असताना माझी आजी ख्रिस्ती झाली. तिच्या सासूबाई वारल्यावर देवघरातले चांदीचे टाक तिने पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. मी एकुलती एक, म्हणून ती ट्रंक माझ्याकडे आली, पोटमाळ्यावर आहे. बंधूंचं म्हणणं, माझ्या नातवाला दम लागतो तो त्या टाकांमुळे. चौथ्या पिढीपर्यंतचा शाप आहे, खाडीत फेकून या, आणि शेजारचे मोदक बंद करा. रात्री झोप लागत नाही. काय करू? (एक भगिनी, परळ)

उत्तर : ताई, सलाम. आधी दम्याचं. पावसाळ्यात जुन्या चाळींच्या भिंतींना ओल येते, पोपडे सुटतात, बुरशी धरते. ट्रंकेआधी भिंत बघा. डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो वेळच्या वेळी द्या. आणि बंधू पुन्हा आले तर त्यांना त्याच भिंतीला टेकून बसवा.

आता वचन. बंधूंनी निर्गम 20 मधलं पाचवं वचन वाचलं आणि पुस्तक मिटलं. सहावं वचन हा त्याच वाक्याचा उरलेला तुकडा आहे. पाचव्यात तिसऱ्या-चौथ्या पिढीचं शासन आहे, सहाव्यात हजारांवरची दया. अनुवादाच्या सातव्या अध्यायात तर सरळ ‘हजार पिढ्या’ असंच म्हटलं आहे. एका पारड्यात चार, दुसऱ्यात हजार. वाक्याचा जोर कुठे आहे ते बाजारात भाजी घेणाऱ्या कुणालाही कळेल. शिवाय त्या काळचं घर म्हणजे पणजोबापासून पणतूपर्यंत सगळे एका अंगणात. घरातल्या कर्त्याने जे मांडलं त्यापुढे सगळं घर वाकायचं आणि जे ओढवलं ते सगळं घर सोसायचं. कर्ता माणूस गुत्त्यावर जायला लागला की किती पिढ्या त्याची झळ सोसतात, हे गिरणगावात राहणाऱ्या माणसाला मी काय सांगणार?

बंधूंचं गणितही चुकलंय. टाकांची शेवटची पूजा तुमच्या आजीच्या सासूबाईंनी केली. तिथून मोजा. आजोबा एक, वडील दोन, तुम्ही तीन, मुलगा चार. नातू पाचवा. शाप लागू असता तरी त्याची मुदत संपली होती.

विनोद सोडतो. याच वचनाचा लोकांनी म्हणीसारखा वापर सुरू केला, तेव्हा यहेज्केल संदेष्ट्याला त्यांना झापावं लागलं. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, असं बाबेलच्या बंदिवासातली माणसं म्हणत बसली होती. अठराव्या अध्यायात देव सांगतो की ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. तुमच्या नातवाने कसली द्राक्षं खाल्ली नाहीत आणि तुमच्या पणजीनेही खाल्ली नाहीत. तिला जो देव ठाऊक होता त्याला तिने हळद-फूल वाहिलं.

पण पत्र दोनदा वाचल्यावर कळतं की तुमची झोप उडाली ती भावोजींमुळे. तिकडे येतो.

सेवेत असताना मी एकदा संडे स्कूलच्या शिक्षकांना फळ्यावर दोन रकाने आखायला लावले. एका बाजूला ‘घरचे’, दुसऱ्या बाजूला ‘बाहेरचे’. बायबलमध्ये मूर्तिपूजेसाठी देवाने कुणाला शासन केलं, आठवेल तसं लिहा म्हटलं. मोशे डोंगरावर असताना सोन्याचं वासरू करून त्याभोवती नाचणारे इस्राएली, घरचे. शलमोन राजाने म्हातारपणी बायकांच्या देवांसाठी उंचस्थानं बांधली आणि पुढे राज्य दुभंगलं, घरचा. बेथेल आणि दान इथे दोन वासरं उभारणारा यराबाम, घरचा. इ.स.पू. 722 मध्ये अश्शूरच्या राजाने शोमरोन, उत्तरेकडच्या इस्राएलची राजधानी, घेतलं. ते का घेतलं याचा मोठा पाढा 2 राजे 17 मध्ये आहे, आणि त्यातली ओळ न् ओळ घरच्यांच्या मूर्तींबद्दल आहे. इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेम जळालं, मंदिर जळालं, तेही घरचं. यहेज्केलाला दृष्टांतात मंदिराच्या आतच चाललेलं सगळं दिसतं. इस्राएलचे सत्तर वडीलधारे अंधाऱ्या खोल्यांत धूप जाळतायत, बायका तम्मूज देवासाठी रडतायत, पंचवीस पुरुष मंदिराकडे पाठ करून सूर्यापुढे वाकलेत. मग न्यायाचा हुकूम सुटतो, तो कुठून? ‘माझ्या पवित्रस्थानापासून आरंभ करा.’ ‘घरचे’ रकाना फळ्याच्या तळाला टेकला. दुसऱ्या रकान्यात दोन-तीन ओळी झाल्या.

त्या दोन-तीन ओळी मी लपवत नाही. कनानी लोक तिथे आहेत, आणि त्यांच्या कत्तलीचं प्रकरण वाचताना आजही माझा घसा कोरडा पडतो. पलिष्ट्यांचा देव दागोन पालथा पडतो तेही आहे, पण त्यांनी इस्राएलची पवित्र पेटी, कराराचा कोश, पळवून आणून त्याच्या देवळात ठेवला होता. मात्र आमोस संदेष्टा काढून पाहा. पहिल्या दोन अध्यायांत तो शेजारच्या राष्ट्रांचा एकेक करून हिशोब मांडतो. दिमिष्कने (दमास्कसने) गिलादाच्या माणसांना लोखंडी अवजारांखाली मळलं. गज्जाने वस्त्याच्या वस्त्या धरून विकल्या. अम्मोनने सरहद्द वाढवायला गरोदर बायांची पोटं फाडली. मवाबने अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला. या सगळ्यांच्या घरोघरी मूर्ती होत्या. त्यांच्या नावावर आमोस एकही मूर्ती मांडत नाही, क्रूरपणा मांडतो. आणि मग तो घरच्यांकडे वळतो, ज्यांनी गरिबाला जोड्याच्या जोडाएवढ्या किमतीला विकलं.

आता मी काय केलं ते सांगतो. छापायची लाज वाटते, तरी सांगतो. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. तो मंगळवार होता. रविवारी, 31 तारखेला, मी व्यासपीठावर उभा राहिलो आणि नोहाचा जलप्रलय काढला. हे शहर मूर्तींनी भरलंय, देवाचा संयम संपतो आहे, असं बरंच बोललो. आवाज चढला होता. लोकांनी ‘आमेन’ म्हटलं. मला ते आवडलं.

उपासना संपल्यावर कुर्ल्याच्या एक आजी दारात थांबल्या. पायाला पांढरं फडकं बांधलेलं. मिठी नदीचं पाणी त्यांच्या तळमजल्याच्या खोलीत छातीपर्यंत चढलं होतं. म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, मला बाहेर काढलं ती गणपती मंडळाची पोरं. मंडपासाठी आणलेला दोर त्यांनी या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधला, मला एकाने पाठीवर घेतलं, दुसऱ्याने माझं बायबल डोक्यावर धरलं. तुम्ही म्हणता पाणी देवाने पाठवलं, ते ह्यांच्यावर. मग पोरं कुणी पाठवली?’

मी ‘बसा आजी, चहा घ्या’ असलं काहीतरी म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

त्या रात्री लूकचा तेरावा अध्याय उघडला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेलेली असतात. प्रभू येशू विचारतो, यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ही अठरा माणसं जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. पुढे ऐकणाऱ्यांनाच सांगतो, तुम्ही पश्चात्ताप करा. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? तेव्हाही उत्तर तेच, याचं नाही आणि त्यांचंही नाही. सेमिनरीत हे दोन्ही उतारे मी शिकलो होतो, परीक्षेत त्यांवर मार्क मिळवले होते. व्यासपीठावर चढताना ते खाली ठेवून गेलो. पुढच्या रविवारी मी मंडळीची माफी मागितली. आजी त्या दिवशी आल्या नव्हत्या.

तेव्हा भावोजींचा झटका म्हणजे न्याय, असं म्हणण्याचा अधिकार बंधूंना कुणी दिलेला नाही. रक्तदाब तपासला होता का एवढं विचारण्याचा आहे. तुम्ही वहिनींकडे जा, दुपारी दोन तास भावोजींजवळ बसा म्हणजे वहिनींना डोळा लागेल.

मोदकांचं सोपं नाही, कारण प्रेषित पौलाने दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. करिंथात बाजारातलं बरंचसं मांस देवळातून यायचं. तो म्हणतो, जगात मूर्ती म्हणजे काहीच नाही, बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आणि माझ्या खाण्याने दुबळा भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. म्हणजे निवाडा ताटाकडे पाहून करायचा नाही, समोरच्या माणसाकडे पाहून करायचा. आमच्या भायखळ्याच्या बिल्डिंगमध्ये हा प्रश्न एका मावशींनी माझ्याआधी सोडवला होता. त्या नैवेद्य दाखवण्याआधी पाच मोदक वेगळ्या डब्यात काढायच्या आणि माझ्या बायकोला डबा देताना म्हणायच्या, ‘हे तुमचे, आधीचे.’ आम्ही कधी मागितलं नव्हतं. पौलाचं पत्र त्यांनी वाचलेलं नव्हतं. तुमच्या वहिनींना तुम्ही चाळीस वर्षं ओळखता. ‘वहिनी, आधीचे द्या’ एवढं म्हणता येईल की.

नामानाची गोष्टही बघून ठेवा, 2 राजे 5. हा अरामी सेनापती कुष्ठातून बरा होतो, इस्राएलच्या देवाला मानतो, दोन खेचरांवर मावेल एवढी माती घरी न्यायला मागतो. मग चाचरत विचारतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा होईल का? अलीशा संदेष्टा व्याख्यान देत नाही. ‘शांतीने जा’ म्हणतो. आमच्या एकाही बंधूने हे दोन शब्द उच्चारले नसते.

राहिले टाक. इथे काही पाळक माझ्याशी भांडतील. मोशेने अरण्यात देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप केला होता. लोक त्याच्याकडे पाहून जगले. कित्येक शतकांनी लोक त्यालाच धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. साप तोच, पितळ तेच. त्याच्याभोवती माणसं काय करतात ते बदललं होतं. तुमच्या पोटमाळ्यावरच्या टाकांना कुणी धूप जाळत नाही. ते आज चांदी आहेत, आणि तुमच्या पणजीची आठवण. पण दुसऱ्या कुणासाठी ते अजून देव आहेत का? गावी चुलत घराणं असेल, तिथे कुळाचार चालू असेल, तर त्यांना विचारा. हवे असतील तर स्वच्छ फडक्यात बांधून द्या. खाडीत फेकणं म्हणजे त्यांच्या तोंडावर फेकणं. इफिसात देवीवरून एवढा दंगा झाला, तेव्हा तिथल्या शहराच्या अधिकाऱ्याने पौलाच्या सोबत्यांबद्दल साक्ष दिली की या माणसांनी देवळं लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदा केली नाही. बाहेरच्याने आपल्याबद्दल अशी साक्ष द्यावी, एवढं जमलं तरी पुष्कळ.

प्रश्न : सर, मी रुईयाला दुसऱ्या वर्षाला आहे. निर्गम 32 मध्ये सोन्याच्या वासरासाठी मोशेच्या हुकमाने एका दिवसात तीन हजार माणसं मारली. मित्राने हा अध्याय मला मोबाइलवर पाठवला आणि विचारलं, हाच का तुमचा प्रेमाचा देव? मला उत्तर देता आलं नाही. (एक युवक, माटुंगा)

उत्तर : मलाही गुळगुळीत उत्तर देता येत नाही, आणि कुणी दिलं तर घेऊ नकोस. काही प्रचारक येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी तीन हजार माणसं मंडळीत मिळाली तो आकडा याच्याशी जुळवतात आणि गोड शेवट करतात. आकडे जुळतात, मेलेले उठत नाहीत.

पण मित्राला अख्खा अध्याय वाचायला सांग. हे लोक चाळीस दिवसांपूर्वी करार करून बसले आहेत, ‘परमेश्वर सांगेल ते सगळं आम्ही करू’ म्हणाले आहेत. लग्नाच्या मांडवाचे बांबू अजून उतरले नाहीत आणि नवरी दुसऱ्याचा हात धरून निघाली, असं ते आहे. मोशेच्या भावाची, अहरोनाची सफाई ऐक : लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं, आणि हे वासरू बाहेर आलं. कानातली कुंडलं मागून घेतली, हत्याराने घडवलं, वेदी बांधली, दवंडी पिटली, आणि वासरू म्हणे आपोआप बाहेर आलं. चौकशी समितीपुढे असली उत्तरं मी आमच्या मंडळ्यांत ऐकली आहेत.

मग मोशे ते जाळतो, कुटून भुकटी करतो, पाण्यात मिसळतो आणि लोकांना प्यायला लावतो. देव म्हणून पुजलेली वस्तू घशाखाली उतरवायची. मला या अध्यायात तलवारीपेक्षा तो पेला जास्त भयंकर वाटतो. पण शेवटी तोच मोशे डोंगरावर परत चढून म्हणतो, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोडून टाक. मित्राने विचारलेला प्रश्न मोशेनेच आधी देवाच्या तोंडावर विचारला होता. आणि तो विचारल्याबद्दल त्याला शिक्षा झाली नाही.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, शेजाऱ्यांकडे तुमचं मासिक चाळतो. तुमचा देव स्वतःलाच ‘ईर्ष्यावान’ म्हणवतो. सर्वशक्तिमान असून एका मातीच्या मूर्तीची असूया? आणि आम्ही मातीला देव मानतो हा समजही चुकीचा आहे. आवाहन करतो, प्राणप्रतिष्ठा करतो, विसर्जनाला निरोप देतो. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : काका, तुमची दुरुस्ती मान्य. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात एक सुतार अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, उरलेल्या अर्ध्याचा देव करतो आणि त्याच्या पाया पडतो. वाचताना हसू येतं, पण ती थट्टा आहे, आणि थट्टा कधीच समोरच्याची पूर्ण बाजू सांगत नाही. यशया ती गिरगावातल्या माणसाला ऐकवत नव्हता. बाबेलच्या मिरवणुका पाहून भुललेल्या आपल्याच माणसांना ऐकवत होता. आणि मूर्तीवरचा वाद तुमच्या घरात कमी झालेला नाही. तुमच्याकडे बसस्टॉपच्या नावात राहिलेला प्रार्थना समाज 1867 साली निघाला, त्यातले लोक तुमचेच होते.

‘ईर्ष्या’ या शब्दाने मराठीत घोळ होतो. मूळ इब्री शब्द नवऱ्या-बायकोच्या नात्यातला आहे. बायको दुसऱ्याबरोबर गेली आणि नवऱ्याला काहीच वाटलं नाही, तर त्याला मोठ्या मनाचा म्हणायचं की त्याचं प्रेमच नव्हतं म्हणायचं? होशेय संदेष्ट्याचं सगळं पुस्तक याच दुखऱ्या जागेवर आहे. शिवाय त्या काळी पणाला काय लागलं होतं तेही पाहा. यरुशलेमाच्या कुशीत हिन्नोमचं खोरं आहे. तिथे लोक पोटची पोरं आगीत अर्पण करत होते. मनश्शे नावाच्या राजाने स्वतःचा मुलगा दिला. यिर्मया सांगतो, अशी आज्ञा मी दिली नाही, ते माझ्या मनातही आलं नाही, असं देव म्हणतो. मुलं जळताना देवाला राग आला नसता तर तुम्हीच मला वेगळा प्रश्न विचारला असता.

एकदा मशीद बंदरला सॅम्युएल स्ट्रीटवर जाऊन या. 1796 साली स्थापन झालेलं बेने इस्राएली लोकांचं, म्हणजे मराठी यहुद्यांचं, सभास्थान आहे. आत मूर्ती नाही, चित्र नाही. एक कपाट, त्यात नियमशास्त्राच्या गुंडाळ्या. कोकणात हे लोक शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली झाले. आजूबाजूला गावदेवी, म्हसोबा, सगळं होतं. त्यांनी आपल्या घरात मूर्ती आणली नाही आणि गावातल्या देवळावर दगडही मारला नाही. बायबलमधला न्याय ज्यांच्यावर झाला त्यांच्या वंशजांना त्याचा अर्थ आमच्यापेक्षा बरा कळला, असं मला कधीकधी वाटतं.

आणि आमचं विचाराल तर पौलाने कलस्सैकरांना लिहिलं आहे की लोभ हीच मूर्तिपूजा. मी छत्तीस वर्षं पाळकी केली. मूर्तीवरून फुटलेली एकही मंडळी पाहिली नाही. जागेवरून फुटलेल्या तीन पाहिल्या. बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला, चौरस फुटांचा आकडा टेबलावर ठेवला, आणि एकाच बाकावर बसून गीत गाणारे मंडळीतले दोन वडीलधारे कोर्टाच्या पायऱ्यांवर एकमेकांना ओळखेनासे झाले. त्या आकड्याभोवती जे चाललं होतं त्याला नाच म्हणायला हरकत नाही. तेव्हा तुमच्या मखराबद्दल बोलायला मला जरा वेळ लागेल, आमचा फळा अजून पुसायचा आहे.

प्रश्न : माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहतात, ती मूर्तिपूजा नाही का? स्पष्ट लिहा. (एक वाचक, नालासोपारा)

उत्तर : स्पष्ट लिहितो. मी कॅथलिक नाही. त्यांच्याकडे आदर आणि उपासना यांत फरक करतात, आणि हा वाद इ.स. 787 च्या नायसियाच्या धर्मसभेत होऊन गेला आहे. मला तो फरक पुरता पटत नाही. पण सप्टेंबरात वांद्र्याच्या चढावर मुलाच्या पायासाठी मेणाचा पाय घेऊन जाणाऱ्या आईला थांबवून मी ते सांगणार नाही. तुम्हीही थांबवू नका, चढ फार आहे.

ता. क. अंक छापायला जाता जाता परळच्या भगिनींचा फोन आला. माझं उत्तर त्यांना आधीच पत्राने कळवलं होतं. सासवडकडच्या चुलत भावाला त्यांनी बोलावून घेतलं. तो आला, चहा झाला, ट्रंक उतरवली. त्याने फडकं उलगडून मोजलं आणि विचारलं, ताई, पाच असतात, चारच कसे? तेव्हा त्यांना आठवलं. आजीने एक टाक सोनाराकडे देऊन आटवला होता आणि नात झाली म्हणून तिच्यासाठी वाळे घडवले होते. तेच वाळे पुढे त्यांच्या मुलाने घातले, आणि नातवाच्या बाप्तिस्म्यालाही त्याच्या पायात होते. बाप्तिस्म्याच्या वेळी बंधू पहिल्या बाकावर बसले होते आणि वाळे छान आहेत म्हणाले होते.

भाऊ चार टाक घेऊन गेला. वहिनींकडे त्या रोज दुपारी बसतात. भावोजी ‘चहा’ एवढं नीट म्हणू लागलेत.

‘आता त्या वाळ्यांचं काय करू?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नातवाला अजून होतात का?

म्हणाल्या, नाही, घट्ट होतात.

मग पुढच्या बाळासाठी ठेवा, म्हटलं. चिंचेने घासून ठेवा, काळे पडतात.